सीनाकाठचे पांढरे ठिपके

कर्जत तालुक्यात पूर आलाय, ड्रोन घेऊन निघा, असा निरोप आला तेव्हा मला आधी वाटलं, गावाचं नाव लिहिताना कुणाची तरी चूक झाली असणार. कर्जत म्हणजे नगर जिल्ह्याचा दक्षिणेकडचा कोरडा भाग. माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेचं माहेर तिकडचं. उन्हाळ्यात टँकर कधी येणार यावर त्यांच्या घरातली सगळी कामं ठरतात, एवढीच त्या भागाची मला माहिती. तिथे पूर?

मी सांगलीत विज्ञान शिकवते. कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत दोनदा येऊन गेलंय. त्यातल्या एका पुरात बोटी होत्या, बोटी चालवणारेही होते, पण कुठल्या छपरावर माणूस आहे हे खालून कुणालाच दिसत नव्हतं. त्यानंतर सांगली-मिरजेतले आम्ही अकरा जण एकत्र आलो. कुणी लग्नाचं शूटिंग करतो, कुणी द्राक्षबागांचे फोटो काढतो. माझ्यासारखे काही हौशी. आपापले ड्रोन, आपापलं पेट्रोल, आणि जिथे प्रशासन बोलावेल तिथे जायचं, असा आमचा साधा नियम.

या वेळी सुट्टी मिळाली ती मला आणि इक्बालभाईंना. इक्बालभाई मिरजेत सतारी बनवतात. ड्रोन नुसता वर गेला की आवाजावरून ते सांगतात, कुठलं पातं बिघडलंय. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे आहेत, तरी मला मॅडमच म्हणतात.

करमाळ्याच्या पुढे

करमाळा मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी दिसायला लागलं. हे पाणी आमच्या पुरासारखं नव्हतं. आमची कृष्णा हळूहळू चढते, सगळ्यांना सावध करत येते. इथे ओढ्यांनी रस्ते मधूनच कापून नेले होते. काढून रचून ठेवलेल्या उडदाच्या सुड्या शेतात तरंगत होत्या. एका वळणावर कांद्याची अख्खी चाळ आडवी झालेली, आणि लाल कांदे डांबरी रस्त्यावर पसरलेले. गाडीखाली ते फुटायचे तेव्हा वासाने डोळ्यांत पाणी यायचं.

नदीकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर आमची गाडी काळ्या मातीत अशी रुतली की दार उघडेना. सात-आठ माणसं धावत आली, दोर लावला, गाडी ओढून काढली. मग त्यातल्या एकाने आत डोकावून विचारलं, "इमान कुठं हाय? आमाला सांगितलं, सांगलीचं इमान येणार हाय म्हनून."

विमान म्हणून इक्बालभाईंनी पेटी उघडून ड्रोन दाखवला. तो माणूस त्याकडे बघत राहिला. "यवढंच?" एवढंच बोलला, आणि चिखलाचे हात विजारीला पुसत निघून गेला.

गावच्या शाळेत वस्त्यांवरची माणसं आणून ठेवली होती. आम्हालाही एका वर्गात जागा मिळाली. संध्याकाळी ताटात हुलग्याची शेंगोळी आली, लसूण आणि मिरचीच्या गरम रश्शात शिजवलेली. सोबत भाकरी. ज्या बाई वाढत होत्या त्यांचं स्वतःचं घर पाण्यात होतं. त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "आमाला ठावंच न्हाई हो पूर कसा असतो. नदीत आमी जनावरं चारतो."

आमच्याकडे पाणी पायरीला लागलं की बायका आधी गॅसचा सिलिंडर माळ्यावर नेतात, मग कागदपत्रं, मग धान्य. इथे कुणाला काहीच माहीत नव्हतं. त्यात माणसं गावात राहत नाहीत, शेतात वस्ती करून राहतात; एक घर इथे, दुसरं अर्ध्या मैलावर. कोण सुटलं आणि कोण मागे राहिलं, हे सांगणार कोण?

नदीच्या काठावर

सकाळी पाऊस थांबला होता, पण ढग इतके खाली होते की ड्रोन जास्त उंच नेता येईना. सीनेचं पात्र एरवी दगड मारला तर पलीकडे पडेल एवढं, असं गावकरी सांगत होते. आता पलीकडचा काठ दिसतच नव्हता. तपकिरी पाण्यातून बाभळीचे शेंडे आणि विजेचे खांब तेवढे वर आलेले.

काठावर तहसील कार्यालयाचे एक अधिकारी हातात यादी घेऊन उभे होते. दोन दिवस झोपले नसावेत. त्यांनी मला आधी उत्तरेकडच्या एका वस्तीवर बघायला सांगितलं. तिथे छतावर माणसं आहेत असा फोन आला होता. आमची परवानगीही त्याच भागाची होती.

मी तयारी करत असताना साठीच्या एक बाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर गोणपाटाची खोळ. नाव कांताबाई.

"बाई, माझा भाऊ तिकडं हाय," त्यांनी समोरच्या पाण्याकडे बोट दाखवलं. "रंगूदादा. आन वहिनी, सोनाबाई. तेवढं बघा की."

अधिकाऱ्यांनी यादी चाळली. "रंगनाथ आणि पत्नी. शाळेत आलेत, इथे नोंद आहे. मावशी, तुम्ही शाळेत बघा ना."

"बघितलं. त्यो रंगनाथ दुसरा हाय. माझा भाऊ शेरडं सोडून कुठं जायाचा न्हाई. पहाटं त्यांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू आली मला."

पाण्याचा एवढा आवाज होता की दोन हातांवरचं बोलणं ऐकायला ओरडावं लागत होतं. त्यात घुंगरं? मी अधिकाऱ्यांकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं आणि ड्रोन उत्तरेला नेला.

त्या वस्तीवर सात जण होते, छतावर, ताडपत्रीखाली. बोट तिकडे निघाली. पण बोटीला वाट दाखवण्यात आमच्या पाचपैकी दोन बॅटऱ्या संपल्या. जनरेटरवर लावलेल्या बॅटऱ्या दुपारशिवाय भरणार नव्हत्या. कांताबाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्या पाण्याकडे बघत होत्या.

इक्बालभाई हळूच म्हणाले, "मॅडम, त्यांना खरंच ऐकू आलं असेल. पाण्याचा आवाज जाड असतो. घुंगराचा बारीक. बारीक आवाज जाडातून वेगळा निघतो."

मी अधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "बघा. माझ्या यादीपेक्षा डोळ्यांनी बघितलेलं बरं."

पाण्यापलीकडे, ओढा आणि नदी यांच्या मध्ये, जमिनीचा एक उंचवटा उरला होता. आमच्या कॅमेऱ्यात उष्णता टिपायची सोय आहे: थंड वस्तू काळी दिसते, गरम अंग पांढरं. हातातल्या रिमोटचा सगळा पडदा काळाकरडा होता. पडलेला गोठा, उसाची कड, बाभळी. मग बाभळीखाली एक पांढरा डाग दिसला. जवळ गेल्यावर त्याचे ठिपके झाले. शेरडं, एकमेकांना चिकटून बसलेली.

"शेळ्या आहेत," मी म्हणाले. माझा आवाज उतरलेला मलाच कळला. माणूस दिसत नव्हता.

कांताबाई पडद्याजवळ आल्या. "एवढी गोळा होऊन कशाला बसतील? पावसात शेरडं आडोशाला पांगून बसत्यात, बाई. मधी काय हाय ते बघा."

मधे काय आहे ते पाहायला मी ड्रोन खाली घेतला. खूप खाली. दिसायलाच हवं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. त्या यंत्राचा आवाज खाली कसा वाटत असेल, याचा विचार केला नाही. पांढरा डाग एकदम फुटला. शेरडं उधळली. दोन थेट पाण्यात गेली. आणि जिथे ती बसली होती तिथे दोन माणसं उघडी पडली. एक बाई आडवी, एक म्हातारा तिच्या उशाशी.

त्या दोघांनी शेरडांच्या उबेत दोन रात्री काढल्या होत्या, आणि ती ऊब मी उधळून लावली होती.

म्हातारा उठला आणि वाहत चाललेल्या शेरडामागे पाण्यात उतरला. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत.

"दादा!" कांताबाई पडद्याकडे बघतच ओरडल्या.

मी ड्रोन सरळ वर नेला, जेवढा जाईल तेवढा. इक्बालभाईंनी माझ्या कोपराला आधार दिला. पडद्यावर म्हाताऱ्याने बाभळीची फांदी धरली होती. पाणी त्याला ओढत होतं. शेरडं दिसेनाशी झाली. कितीतरी वेळ तो तसाच लटकून होता. मग एकेक पाऊल मागे घेत बाहेर आला आणि चिखलात बसून राहिला.

अधिकाऱ्यांनी यादीवर काहीतरी खोडलं आणि बोटवाल्यांना फोन लावला. बोट परत यायला दीड-दोन तास लागणार होते. वरून आणखी पाणी येत असल्याचा निरोप त्याच वेळी आला.

राहुरीहून आलेला टेम्पो

दीड-दोन तासांत तो उंचवटा उरेल का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. आमचा ड्रोन एक किलो वजनही उचलत नाही. तेवढ्यात एक छोटा टेम्पो चिखलातून हेलकावे खात आला. चालवणारी चाळिशीतली बाई खाली उतरली आणि पदर खोचतच म्हणाली, "फवारणीचा ड्रोन हाय माझ्याकडं. काई काम हाय का?"

या सुनंदाताई, राहुरीकडच्या. उसावर औषध फवारायचा मोठा ड्रोन चालवतात. मोबाईलवर पुराची बातमी बघितली आणि पहाटे घरातून निघाल्या. कुणी बोलावलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी त्यांचं नाव परवानगीत लगेच घालून घेतलं.

"औषधाची टाकी काढली की आठ किलो जातंय आरामात," त्या म्हणाल्या. "पन टाकायचं कसं? मी आजवर फकस्त फवारलंय."

इक्बालभाईंनी जाड तारेचा आकडा वाकवला. लांब दोराच्या टोकाला आकडा, आकड्याला ओझं. ओझं जमिनीला टेकलं की दोर सैल पडतो आणि आकडा सुटतो. दोर लांब का ठेवायचा, हे मी कुणाला सांगितलं नाही. इक्बालभाईंना कळलं होतं.

पहिल्या फेरीत आम्ही दोन लाइफ जॅकेटं पाठवली. वाऱ्याने ओझं झुललं आणि बाभळीच्या शेंड्याला अडकलं. सुनंदाताईंनी आकडा सोडवून ड्रोन परत आणला, पण जॅकेटं तिथेच काट्यांत राहिली. सुनंदाताईंच्या कपाळावर घाम आला होता. "उसात झाड नसतं ना ताई," त्या मला म्हणाल्या, जणू माफी मागत होत्या.

दुसऱ्या गाठोड्यात जॅकेटं, एक घोंगडी, फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला मोबाईल घातला. म्हाताऱ्याला फोन उचलता येईल की नाही कुणास ठाऊक, म्हणून कांताबाईंच्या फोनवरून आधीच कॉल जोडून, स्पीकर लावून ठेवला. मी माझी चौथी बॅटरी घालून उंचावरून बघत होते आणि सुनंदाताईंना सांगत होते: "डावीकडे. अजून. थांबा. वारा पडू द्या... आता."

गाठोडं चिखलात टेकलं. आकडा सुटला. कांताबाईंनी फोन तोंडाशी धरला.

"दादा! आरं दादा, ऐकू येतंय का?"

नुसता पाण्याचा आवाज. मग घुंगरं, अगदी स्पष्ट. मग धाप लागलेला आवाज.

"कोन? कांता? कुठं हायस तू?"

"तुझ्यासमोर हाय, काठावर. वहिनी कशी हाय?"

"अंग गार पडलंय तिचं. सकाळपासनं बोलत न्हाई."

कांताबाईंचे ओठ हलले, पण आवाज आला तो एकदम करडा. "घोंगडी हाय त्यात. तिला गुंडाळ. ते नारंगी जाकीट हाय ते तिला घाल, मग तुला. शेरडांना हाक मार, जवळ घे."

"लांब पळाली ती. येत न्हाईत. वर काय फिरतंय त्याला भ्याली."

मी पडद्यावरून नजर हलवली नाही. फोनमधून त्याची हाक ऐकू येत होती, जिभेने केलेला टक-टक असा आवाज आणि मग एकेक नाव. बऱ्याच वेळाने एक पांढरा ठिपका सरकला. मग दुसरा. मग हळूहळू सगळे.

बोट आली तेव्हा उंचवट्याच्या एका बाजूची जमीन पाण्याखाली गेली होती. बोटीत तिघे जण होते. मी शेवटची बॅटरी घातली. वरून मला दिसत होतं ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं: पाण्याच्या जेमतेम खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा, आणि पुढे बुडालेली विहीर, जिच्यावर पाणी गरगर फिरत होतं.

"समोर तारा आहेत. उजवीकडे घ्या. अजून उजवीकडे, उसाच्या कडेने."

"उसात पंखा अडकंल!" बोटवाला फोनवरून ओरडला.

"मग इंजिन बंद करा, बांबूने ढकला. डावीकडे विहीर आहे, तिकडे जाऊ नका!"

बॅटरीचा आकडा लाल झाला. यंत्र आपोआप परत फिरायला लागलं. मी ते थांबवलं. इक्बालभाई म्हणाले, "मॅडम, पडेल." मी म्हणाले, "पडू दे." बोट विहिरीच्या कडेने तिरकी झाली, सावरली, आणि उंचवट्याला लागली. तेव्हा कुठे मी ड्रोन वळवला. तो काठापर्यंत पोचला नाही. अलीकडच्या कांद्याच्या वावरात चिखलात आपटला, त्याचा एक हात मोडला.

पण अजून संपलं नव्हतं. सोनाबाईंना उचलून बोटीत ठेवलं होतं आणि म्हातारा खालीच उभा होता. फोनवर त्याचा आवाज येत होता. "तिला घिऊन जा. मी थांबतो. शेरडं कोन बघंल?"

बोटवाला चिडला होता. "काका, पाणी चढतंय! बसा!"

कांताबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. या वेळी त्या ओरडल्या नाहीत. "दादा, वहिनीनं डोळं उघडलं तर तिला कोन दिसंल? ही परकी मानसं?"

मग बोटवाल्याचा आवाज आला, "बसले. निघालो."

काठाला लागेपर्यंत कुणी बसलं नाही. म्हातारा उतरला तेव्हा उजवा हात बाभळीच्या काट्यांनी फाटलेला होता, आणि डाव्या हाताने त्याने बायकोचं पाऊल धरून ठेवलं होतं. रुग्णवाहिकेत चढतानाही ते सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी

रात्रीत पाणी थोडं उतरलं. कर्जतच्या दवाखान्यातून निरोप आला: सोनाबाई शुद्धीवर आहेत, चहा मागितला. म्हातारा मात्र पहाटेच्या पहिल्या जीपने परत आला होता आणि शाळेसमोरच्या कट्ट्यावर नदीकडे तोंड करून बसला होता. हाताला पट्टी. उंच, वाळलेला माणूस, डोळे बारीक केलेले. सुनंदाताईंनी पुढे केलेला चहा त्याने घेतला, पण तो हातातच गार झाला.

आम्हाला दुपारी निघायचं होतं. माझा ड्रोन मोडला होता, पण त्याच बॅटऱ्यांवर चालणारा इक्बालभाईंचा शाबूत होता. अधिकाऱ्यांनी त्या उंचवट्यावर पुन्हा एकदा बघायला सांगितलं, तारा कुठे पडल्यात ते टिपण्यासाठी. मी कट्ट्याजवळ गेले.

"काका, तुमची शेरडं बघायची का?"

तो माझ्याकडे वळला. "दिसत्यात?"

मी रिमोट न सोडता पडदा त्याच्या मांडीवर टेकवला. काळ्याकरड्या चित्रात बाभळीखाली पांढरे ठिपके होते, या वेळी पांगलेले. उन्हाला बसले असावेत. त्याने बोट टेकवून मोजायला सुरुवात केली. प्रत्येकाला नाव होतं. नुसत्या ठिपक्यावरून तो त्यांना कसा ओळखत होता, मला माहीत नाही. चंद्री, काळी, लंगडी, लंगडीचं करडू. अकराला बोट थांबलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा अकरा.

"दोन न्हाईत," तो म्हणाला. "कबरी, आन तिची पाठ, तिचीच लेक. काल काय तरी वरनं आलं आन बिथरली."

मला गप्प राहता आलं असतं. वरचं यंत्र कुणाचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काल काठावर दोन-दोन ड्रोन फिरत होते. वर्गात मुलांना मी सांगते, चुकलं तर उत्तरपत्रिकेवर खाडाखोड करू नका, चूक तशीच ठेवा आणि पुढे बरोबर लिहा. पण इथे पुढे लिहायला काही नव्हतं.

"काका, ते माझं यंत्र होतं. तुम्ही मधे आहात की नाही ते दिसेना, म्हणून मी फार खाली आणलं. माझी चूक झाली."

त्याने पडद्यावरून नजर काढली नाही. इक्बालभाई माझ्या मागे येऊन थांबले होते, ते मला त्यांच्या श्वासावरून कळलं. नदीकडून वारा येत होता, चिखलाचा आणि कुजलेल्या कांद्याचा वास घेऊन.

"दोन रात्री तीच निजली म्हातारीच्या पोटाशी," तो म्हणाला. "कबरी. उठवली तरी उठत नव्हती."

पडद्यावर उजवीकडचा एक ठिपका हलला. करडू असावं. ते पाण्याच्या कडेला जाऊन थांबलं. म्हाताऱ्याचं बोट त्याच्या मागे सरकत गेलं आणि ते परत कळपात येईपर्यंत तिथेच राहिलं. माझा अंगठा नकळत रिमोटच्या दांडीवर दाबला गेला असावा, कारण चित्र थोडं मोठं झालं, ड्रोन खाली येत होता.

त्याने पट्टी बांधलेला हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला.

"वरच असू द्या, बाई," तो म्हणाला. "भित्यात ती."

मी ड्रोन वर घेतला. ठिपके बारीक झाले. तो आणखी पुढे वाकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.